भावाचे तीन एकर

बाबांना सुलोचनाचा नमस्कार.

पत्र लिहायची सवय आपल्या घरात कुणालाच नव्हती. तुम्ही अर्ज लिहिले, तक्रारी लिहिल्या, नोटिसा लिहिल्या. पत्र लिहिताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. मीही लिहिलं नसतं. पण आज दुपारी तलाठ्याच्या ऑफिसातून नवा सातबारा घेऊन आले, कागद तुमच्या कॉटवर ठेवला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "बाबा, झालं बरं का काम."

चार वर्षं तुम्ही त्या कॉटवर होता. बाहेरून आलं की आधी तुम्हाला सांगायचं, मग पायावर पाणी घ्यायचं, हीच आपली रीत. कॉट रिकामी होऊन पाच महिने झाले, तरी माझ्या जिभेला ते कळलेलं नाही.

तर सांगते. सातबाऱ्यावरून तुमचं नाव कमी झालं. तिथं आता दोन नावं आहेत. एक माझं. दुसरं विनायकचं.

रागावलात ना? रागवा. एवढी वर्षं तुमचा राग मी सांभाळला, आता माझ्यात तेवढी ताकद राहिली नाही.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी उलटली. साखरखेर्ड्याहून तुम्ही मला आणलंत तो दिवस मी विसरलेले नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी माझा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सासरे म्हणाले, राहायचं तर राहा, पण शेतीच्या भानगडीत पडायचं नाही. तुम्ही ओसरीत बसला होता. हातातला चहा न पिताच खाली ठेवलात. "माही पोरगी मी घेऊन चाललो," म्हणालात, "तुमचं ढेकूळही नको आमाले."

एसटीच्या टपावर माझी ट्रंक तुम्ही स्वतः चढवलीत. चिखलीच्या स्टँडवर मला केळी घेऊन दिलीत, जशी काही मी सहा वर्षांची होते! घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. पण माझ्या खांद्यावर जे ऊन येत होतं, ते अडवायला तुम्ही खिडकीला आपला रुमाल बांधून ठेवला होता.

किती अभिमान वाटला होता मला तुमचा! आज मात्र वाटतं, ते ढेकूळ माझं होतं हो बाबा. माझ्या नवऱ्याच्या वाट्याचं. नको म्हणण्याआधी तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर? जमिनीबद्दल बाईमाणसाला विचारायचं असतं, हे तुमच्या डोक्यातच कधी आलं नाही.

पिंपळगावला आले तेव्हा आई आधीच गेलेली होती. घरात तुम्ही, विनायकभाऊ, वंदनावहिनी आणि त्यांचं लहान लेकरू. वहिनीनं आपल्या खोलीतलं अर्धं कपाट रिकामं करून दिलं. भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. दिवसभर तुमच्याबरोबर शेतात राबायचा आणि उरलेल्या वेळात गावातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचा. मला म्हणाला, "सुले, हे घर तुहंच हाये. कोणाले विचारू नको." एवढंच. भाऊला जास्त बोलता कधी आलंच नाही. म्हणून तर तो ज्या दिवशी बोलला, तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिला.

नामदेवकाकांचं शेत आपल्याला लागून. तुमचे सख्खे चुलतभाऊ, एकाच आजोबांची तुम्ही दोघं नातवंडं. मधे फक्त एक धुरा, एवढासा बांध, आणि त्या धुऱ्यावर हद्दीचा दगड. मी आले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काकांचं अकोल्याला ऑपरेशन झालं. दोन महिने ते शेताकडे फिरकले नाहीत. दोन महिने, बाबा. तुमचा चुलतभाऊ दवाखान्यात पडलेला आणि तुम्ही धुऱ्याकडे पाहत होता!

मी त्या दिवशी भाकरी घेऊन शेतात आले होते. तुम्हाला दिसले नाही. बांधावरच्या निंबापाशी थांबले, तर भाऊ सब्बलनं दगड उपटत होता आणि तुम्ही त्यांच्या रानात आठ तासं आत उभे राहून बोटानं जागा दाखवत होता. आठ तासं म्हणजे नांगराच्या आठ रेघा. केवढीशी जमीन ती! भाऊ मधेच थांबला, तुम्हाला काहीतरी म्हणाला. तुम्ही हात झटकलात. त्यानं पुन्हा सब्बल उचलली.

मी भाकरीचं फडकं निंबाच्या फांदीला बांधलं आणि आल्यापावली घरी गेले. मी काही पाहिलं नाही, असं चालता चालता स्वतःला सांगत गेले.

काका बरे होऊन आले. धुरा पाहिला आणि घरी आले. तुम्ही म्हणालात, "होता तिथंच हाये." त्यांनी अर्ज केला. मोजणी झाली. मोजणीची रेघ बरोबर आठ तासं आपल्या बाजूला आली. पंचनाम्याला मंडळ अधिकारी आले, तलाठी आले, गावातली चार माणसं आली. सगळे आपल्या ओसरीत बसले. दगड कोणी हलवला, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "कोणी नाही. नाल्याच्या पाण्यानं माती सरकली असन."

तेव्हा नामदेवकाका काय म्हणाले, आठवतं? ते तुमच्याकडे वळलेच नाहीत. भाऊला म्हणाले, "विनू, तू सांग. तू म्हणशीन पाण्यानं सरकला, त मी आत्ताच अर्ज वापस घेतो. तुह्या तोंडाले मी खोटं नाही म्हणनार."

मी पाण्याचे गिलास घेऊन दारात उभी होते. भाऊच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मग तो म्हणाला, "साहेब, दगड म्या काढला. सब्बलनं. बाबानं सांगतलं म्हणून काढला."

साहेबांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ताई, तुम्ही काही पाहिलं होतं का?"

मी म्हणाले, "मी शेतात जातच नाही, साहेब."

बाबा, त्या वाक्यावर मी सतरा वर्षं जेवले.

धुरा होता तिथं परत गेला. आपलं काहीच गेलं नव्हतं. जे आपलं नव्हतं, तेवढंच गेलं. पण तुमचं जे गेलं, ते मला त्या दिवशी तुमच्या मानेवरून दिसलं. ती मान खाली गेली आणि पुन्हा वर आली तेव्हा तुम्ही वेगळेच होता. आठ दिवस भाऊशी बोलला नाहीत. नवव्या दिवशी खामगावहून पेपर घेऊन आलात आणि ओसरीत उभे राहून मोठ्यानं वाचलात. शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं.

"माझा मुलगा विनायक हा माझ्या कह्यात नाही. त्यास मी माझ्या सर्व स्थावर-जंगम मालमत्तेतून बेदखल केले आहे. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही. माझ्या अंत्यविधीसही त्याचा अधिकार राहणार नाही."

भाऊ मोटार बांधत बसला होता. हातात तांब्याची तार तशीच.

"झालं वाचून?" त्यानं विचारलं.

"झालं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो, वहिनी आणि लेकरू निघाले. जळगाव जामोदला वहिनीचं माहेर होतं, तिकडं. दारातून वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, तू काऊन नाही बोलली? तो म्हणाला, "बाबाची बीपीची गोयी सकायची राह्यते. ध्यानात ठेवजो."

मी ध्यानात ठेवली. सतरा वर्षांत एकदाही चुकली नाही.

त्यानंतर तुम्ही मला सांगत राहिलात, "हे सारं तुले देऊन राह्यलो मी. नऊच्या नऊ एकर. घरही. ध्यानात ठेव, कोण देते पोरीले?" आणि मी ध्यानात ठेवत राहिले. राखीला भाऊकडे जायचं नाव काढलं की म्हणायचात, "जाय. मंग तुहंही नाव पेपरात येईन." विनोदानं म्हणायचात का हो? मला कधी कळलं नाही. मी सतरा राख्या पोस्टानं पाठवल्या. पाकिटामागं आपला पत्ता न घालता.

मग तुमचे पाय गेले. त्या चार वर्षांबद्दल मी काही सांगत नाही. तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. चादरी, भांडं, पाठीचे फोड. भाकरीच पाहिजे, पोळी नको. पाणी कोमटच पाहिजे. रागानं ताटली ढकलायचात आणि मी ती पुसून पुन्हा वाढायची. माझ्या वयाच्या बाया लेकींची लग्नं करत होत्या, नातवंडं खेळवत होत्या. मी ऐंशीच्या पुढचं एक लेकरू सांभाळत होते, जे मोठं होणार नव्हतं.

एकदा मात्र तुम्ही बोललात. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली. दुरुस्तीवाला चार दिवस आलाच नाही. मिरचीचं रान वाळत होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "विनू असता त दोन घंट्यात बांधली असती." मी पायांना तेल लावत होते. माझा हात थांबला. म्हटलं, "बोलावू का त्याले?" तुम्ही डोळे मिटले. झोप लागल्याचं सोंग तुम्हाला कधी जमलंच नाही, बाबा. पापण्या हलत होत्या. मी एकदा अजून विचारायला हवं होतं. दोनदा विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात का? हे मला आता कोण सांगणार?

तुम्ही गेलात तेव्हा मी वहिनीला फोन केला. बारा वाजेपर्यंत वाट पाहिली. लोक म्हणाले, फार वेळ ठेवू नये. अग्नी मी दिला. भाऊ आला नाही. मला त्याचा फार राग आला. जाताना तरी यायचं ना! एवढा कसला ताठा?

तेरवीनंतर तुमचं मृत्युपत्र घेऊन मी खामगावला गेले, ज्यांनी ते केलं होतं त्याच वकिलांकडे. म्हटलं, साहेब, माझं नाव लावायला काय काय लागतं ते सांगा. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"मृत्युपत्र चांगलं आहे. रजिस्टर केलेलं आहे. पण ताई, हे नऊच्या नऊ एकराला लागत नाही."

"काऊन?"

"जमीन तुमच्या पणजोबांपासूनची. वडिलांनी विकत घेतलेली नाही. अशा जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासून असतो. मुलीचाही. बापाला आपल्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं, लेकरांच्या वाट्याचं नाही. तीन वाटे पाडा. तीन एकर वडिलांचे, ते त्यांनी तुम्हाला दिले. तीन तुमच्या भावाचे. आणि तीन तुमचे स्वतःचे, कोणी न देता."

"पण भावाले त बेदखल केलं होतं. पेपरात आलं होतं."

ते हसले. रोज तीच गोष्ट समजावून थकलेला माणूस हसतो तसं. "पेपरात कोणीही काहीही छापून आणू शकतं. त्यानं वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जात नाही. गेलाच नव्हता."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. "बाबाले माहीत होतं हे?"

वकील थोडा वेळ कागद सारखे करत बसले. मग म्हणाले, "मृत्युपत्र लिहिताना मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले, मले माहीत हाये. त्याले माहीत नाही ना? मंग झालं त."

बाबा! हे खरं का? तुम्ही असं म्हणालात? त्या एका वाक्यात तुमचा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला, की वकील खोटं सांगतात असं म्हणायची सोयच राहिली नाही.

मी बाहेर येऊन कोर्टाच्या पायरीवर बसले. रडले नाही. रागही आला नाही. फक्त दमायला झालं. सतरा वर्षं डोक्यावर पोतं वाहून आणावं, आणि उतरवून पाहिलं तर आत भुसा निघावा. एक कागद, ज्याला काहीच जोर नव्हता, तो आपण सगळ्यांनी मिळून खरा केला. भाऊनं मानला, वहिनीनं मानला, गावानं मानला. मी तर सगळ्यात जास्त मानला, कारण त्यात माझा फायदा होता.

आणि परतीच्या बसमध्ये दुसरी गोष्ट डोक्यात आली. तुम्ही मला जे देत होता, देऊन राह्यलो, देऊन राह्यलो म्हणत होता, त्यातले तीन एकर तर माझेच होते. माझंच मला द्यायचं सांगून तुम्ही मला गप्प बसवलंत. त्याला नाही म्हणून घालवलंत आणि मला हो म्हणून बांधलंत. दोन्ही लेकरांना कायदा माहीत नव्हता, आणि बापाला माहीत होता.

चार दिवसांनी नांदुऱ्यावरून बस बदलून जळगाव जामोदला गेले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मोटार वाइंडिंगचं दुकान कुठं, म्हणून विचारलं तर एका पोळीवालीनं सरळ नेऊन पोचवलं. भाऊ खाली बसून तार गुंडाळत होता. केस पांढरे झालेत, बाबा. तुमच्यासारखेच, मधेच टक्कल. मला पाहून उठला नाही. फक्त हातातली तार सुटून गेली, सगळी गुंडाळी उलगडली.

"जेवली का?" म्हणाला.

मी आधी भांडले. तिथंच, गिऱ्हाइकासमोर. "बाप मेला त येता नाही आलं तुले?"

"आलतो ना," तो म्हणाला.

"कुठी आलता?"

"नाल्याच्या पल्याड उभा होतो. त्याईनं लिवलं होतं ना पेपरात, अंत्यविधीले अधिकार नाही म्हणून. मंग कसा येऊ जवळ? धूर दिसला. तू मडकं घेऊन फिरली ते दिसलं. मंग आलो वापस."

नाल्याच्या पल्याड. दोनशे पावलं असतील. बाबा, तो तुमच्या शब्दाच्या बाहेर कधीच नव्हता. तुम्ही सांगितलंत म्हणून दगड काढला, तुम्ही छापलंत म्हणून गाव सोडलं, तुम्ही लिहिलंत म्हणून सरणापासून दूर उभा राहिला. आयुष्यात एकदाच तुमचं ऐकलं नाही. आणि म्हणे माझ्या कह्यात नाही!

दुकानामागच्याच खोलीत वहिनीनं जेवू घातलं. मग मी वकिलांचं सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं, हे मात्र सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलं नाही, या कागदावर पहिल्यांदा लिहितेय. भाऊ ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मले नको. हक्कसोड पत्र करून देतो. तू केलं त्याईचं. तूच घे."

खरं सांगू? एक क्षण मला बरं वाटलं. नऊ एकर. एक सही आणि काम संपलं. मी किती दमलेय, हे देवाला माहीत. वहिनी आतल्या दारात उभी होती. तिनं भिंतीला हात टेकला. भाड्याची भिंत होती ती.

मी म्हटलं, "भाऊ, मी पाह्यलं होतं."

"काय?"

"तू दगड काढतानी. निंबापाशी होती मी. साहेबाले खोटं सांगतलं."

तो तारेची गुंडाळी पुन्हा करायला लागला होता. मान वर न करता म्हणाला, "मले माहीत हाये. भाकरीचं फडकं निंबाले बांधून गेलती ना तू. म्या सोडलं ते."

"मंग तवाच काऊन नाही बोलला? माही बहीणही साक्षी हाये म्हनून?"

"अन् मंग तू कुठी गेली असती, बाई?"

बाबा, तुम्ही मला सासरहून आणलंत, त्याचे उपकार मी रोज मोजले. पण त्या घरात मला ठेवलं कोणी, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मात्र मी रडले. वहिनीनं पाणी दिलं. मी म्हटलं, "हक्कसोड करायची नाही. केली त मी फाडीन. मी तुले काही देऊन नाही राह्यली, भाऊ. तुहंच हाये ते. तुहंच होतं."

मग मी दुसरंही सांगून टाकलं, कारण अर्धवट सांगायची सवय मला मोडायची होती. "अन् बाबाचे जे तीन एकर माह्या नावानं हायेत, ते मी ठेवून राह्यली. त्यातलं अर्धं देईन असं समजू नको. ते मी कमावले."

भाऊ हसला. सतरा वर्षांनी पहिल्यांदा त्याचं हसणं पाहिलं. "ठेव ना," म्हणाला, "ते त तुहे पगाराचे हायेत."

तुम्हाला वाटेल, पोरगी मोठी साधू झाली. नाही झाले. सहा एकर माझे, तीन भाऊचे, असं वाटणीपत्र झालंय. मला त्याची लाज वाटत नाही. तुमच्या पाठीचे फोड मी धुतले, त्यानं नाही. पण त्याचं होतं ते त्याला मिळालं, आणि ते मी मन मोठं केलं म्हणून मिळालं नाही, हेही मला रोज स्वतःला सांगावं लागतं. नाहीतर मीसुद्धा तुमच्यासारखं, देऊन राह्यली, देऊन राह्यली, म्हणत फिरेन.

वारसनोंदीची नोटीस लागली. कोणाची हरकत आली नाही. मागच्या आठवड्यात भाऊ शेत पाहायला आला. स्टँडवर उतरून सरळ रानातच आला, घरी नाही. घराच्या दारात पाय टाकायला त्याला अजून वेळ लागेल. मीही घाई केली नाही. तुरीच्या ओळीतून आम्ही दोघं चालत गेलो. तो प्रत्येक ठिकाणी थांबत होता. इथं पहिले बोर होती ना? हो, वाळली. इथला पाइप कोणी टाकला? मी टाकून घेतला. असंच बोललो. मोठं काही नाही.

पलीकडं नामदेवकाका खाटेवर बसून हरभऱ्याची राखण करत होते. आता दिसतं कमी, पण चाल ओळखली. "विनू हाये का रे?" तिथूनच ओरडले, "ये इकडे. पाणी पे."

भाऊनं त्यांचे पाय धरले. म्हातारा त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला. म्हणाला, "म्या तवा तुले इचारायले नोतं पाह्यजे. बापाच्या मोहरं लेकाले नाही इचारू असं. आठ तासं गेली असती त गेली असती. माहा भाऊ गेला, तुहा बाप गेला. काय केलं मी त्या आठ तासाचं?"

"काका, तुमचं होतं ते," भाऊ म्हणाला.

"हो रे," काका म्हणाले. "माहंच होतं." आणि पुन्हा तेच, "पण काय केलं मी त्याचं?"

थोड्या वेळानं ते तुमच्याबद्दल बोलले. तुम्हाला सांगायला हवं म्हणून लिहिते. म्हणाले, "तुमचा बाप वाईट नोता, पोरंहो. माह्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानंच मले अकोल्याले नेऊन भरती केलं होतं. दोन दिवस खाली सतरंजीवर झोपला. मंग गावाले वापस आला अन् धुरा सरकवला. दोन्ही त्यानंच केलं."

आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. वाईट केलेलं लपवलंत ते समजतं, पण हे का लपवलंत हो?

बाबा, मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही. ते माझ्या हातात आहे असं मला वाटत नाही. भाऊनं केलं असेल तर त्यानं मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही. आठवण मात्र येते. सकाळी गोळीची वेळ झाली की हात आपोआप फळीकडे जातो. भाकरी आता दोनच थापायच्या असतात, आणि मी अजून तीन थापते.

एक शब्द देते तुम्हाला, आणि थांबते. जळगाव जामोदला जेवताना भाऊच्या लेकानं मला विचारलं होतं, आजोबा कसे होते. तेव्हा मी ताटं उचलायच्या निमित्तानं उठून गेले. आता जाणार नाही. पुढच्या वेळी विचारेल तेव्हा त्याला खिडकीला बांधलेला रुमाल सांगीन, अकोल्याची सतरंजी सांगीन, धुरा सांगीन, पेपरातली नोटीस सांगीन, आणि मी साहेबाला काय बोलले तेही सांगीन. तुमचं चांगलं दाखवायला मी काही लपवणार नाही आणि माझं चांगलं दाखवायलाही नाही.

आणि वर्षश्राद्धाचं ठरवलंय. पिंड भाऊ ठेवेल. तुमची परवानगी घेतलेली नाही. कावळा लगेच शिवला तर बरंच आहे. नाही शिवला, तर आम्ही दोघं बहीणभाऊ झाडाखाली थोडा वेळ थांबू, आणि मग घरी येऊन जेवून घेऊ.

तुमची,
सुलोचना